रेट नको, एकूण आकडा सांगा: तालुक्याच्या गावी बिल्डरकडून नवं घर घेताना

बैलबाजारात आपण रुमालाखाली हात घालून बोटांवर सौदा करतो. दात मोजतो, खूर पाहतो, जोडी चालवून पाहतो, तीन जणांना विचारतो आणि एवढं करूनही 'पुढच्या बाजारी पाहू' म्हणत घरी येतो. तोच माणूस बिल्डरच्या एसी ऑफिसात गेला, समोर थंड पाण्याची बाटली आली, की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं: "साहेब, काही कमीजास्त करा ना." साहेब पन्नास हजार कमी करतात, आपण खूश होऊन इसार देतो.

मीही असाच गेलो होतो. मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला रो हाउस घेतलं. रेटमध्ये पन्नास हजार कमी झाले म्हणून बायकोला फोन करून सांगितलं. पुढच्या आठ महिन्यांत मीटर, बोअरचा हिस्सा, कंपाउंड, 'डेव्हलपमेंट' असं एकेक करत दोन लाखांच्या वर मोजले. प्रत्येक वेळी उत्तर तेच: "ते तर वेगळं असतेच ना, सर." लबाडी म्हणावी तर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

म्हणून मोर्शीकडचा माझा मावसभाऊ घर घ्यायला निघाला तेव्हा मी त्याच्यासोबत चार महिने फिरलो. पुढे जे लिहिलं आहे ते त्या चार महिन्यांतलं आणि माझ्या चुकांमधलं. खेड्यातून तालुक्याला किंवा जिल्ह्याला घर घेणाऱ्या शेतकऱ्याला, शिक्षकाला, दुकानदाराला ते कामी पडावं.

भावाच्या आधी कागद

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण यात घासाघीस नाहीच. कागद नसलेलं घर पाच लाखांनी स्वस्त मिळालं तरी ते महागच पडतं.

सातबारा किंवा आखीव पत्रिका, अकृषक आदेश, टाउन प्लॅनिंगने मंजूर केलेल्या लेआउटचा नकाशा, बांधकाम परवानगी आणि घर तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, एवढ्यांच्या प्रती पहिल्याच भेटीत मागा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून कोणी 'नावावर आहे' म्हणालं तर तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे लक्षात ठेवा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, नझूलची (गावठाणातली सरकारी) किंवा मूळ आदिवासी खातेदाराची असेल तर परवानगीशिवाय व्यवहार पुढे जात नाही. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाट या बाजूला तर हे पहिलं विचारा.

मग महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखाली बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरंही आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे बऱ्याच स्कीम नेमक्या आठ घरांच्या का असतात, ते यावरून कळतं.  नोंदणी असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर किती घरं बुक झाली, काम पूर्ण करायची तारीख कोणती, मुदत वाढवून घेतली का आणि प्रकल्पावर कर्ज आहे का, हे सगळं दिसतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की तेच पान उघडतं. हे पान नीट वाचा. भावाच्या बोलणीत त्याचं काम पडणार आहे.

मागच्या गिऱ्हाइकाने किती दिले

बिल्डर सांगेल, "शेजारचं घर चौतीसला गेलं." खरं-खोटं पाहायची सोय घरबसल्या आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च ही मोफत सेवा आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि गट किंवा सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ दिसते. तिच्यात दोन आकडे असतात: मोबदला आणि बाजारभाव. मोबदला म्हणजे घेणाऱ्याने कागदावर दिलेली किंमत. बाजारभाव म्हणजे शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार, म्हणजे रेडी रेकनरनुसार, निघणारी किंमत.

मावसभावाने पाहिलेल्या स्कीममध्ये आधीच्या दोन घरांचे दस्त सापडले. 'चौतीसला गेलं' म्हणून सांगितलेलं घर कागदावर साडेएकोणतीसला होतं. आता काही रक्कम कागदाबाहेर दिली गेली असण्याची शक्यता असतेच, म्हणून या आकड्याला ब्रह्मवाक्य मानू नका. पण बोलणी चौतीसपासून सुरू करायची की तीसपासून, एवढं त्यावरून ठरतं.

रेडी रेकनरचा आकडा आणखी एका कारणाने लिहून ठेवा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि हा बाजारभाव यांतल्या जास्त रकमेवर लागतं. भाव त्याच्या खाली उतरवला तर घर स्वस्त पडेल, शुल्क मात्र वरच्याच रकमेवर जाईल. फरक फार मोठा असला तर आयकराचाही प्रश्न निघतो, तेव्हा सीएला विचारून घ्या.

घराचा हिशेब आपण मांडायचा

बिल्डर 'रेट' कशावर सांगतो ते आधी पाहा. सुपर बिल्टअप (जिना-पॅसेजचा हिस्सा धरून), बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून) आणि कार्पेट या तीन मापांत एकच घर तीन आकारांचं होतं. ३२ लाखांचं घर १०५० चौरस फूट सांगितलं तर रेट ३०४८ रुपये पडतो. त्याच घराचं कार्पेट ७४० असेल तर ४३२४ रुपये. रेराच्या व्याख्येत कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरता येणारी जागा: आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडून. तुलना करायची तर सगळ्या घरांची कार्पेटवरच करा. टेप घेऊन जा. मोजताना कोणी हसलं तर हसू द्या.

रो हाउस असेल तर आणखी एक हिशेब जमतो आणि तो माझ्या मते सगळ्यात कामाचा आहे. मावसभावाचं घर धरू. प्लॉट १००० चौरस फूट, बांधकाम ९००. त्याच भागात मोकळ्या प्लॉटचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारला, समजा ९०० रुपये फूट निघाला. जमीन झाली ९ लाखांची. गावातल्या दोन ठेकेदारांना 'मटेरियलसकट काय घेता' म्हणून विचारलं, समजा १७०० रुपये. बांधकाम १५ लाख ३० हजार. कंपाउंड, बोअर, रस्ता-नालीचा हिस्सा मिळून दीड लाख धरले. बेरीज २५ लाख ८० हजार. बिल्डर मागतो ३२. मधले सहा लाख वीस हजार म्हणजे त्याचा नफा, व्याज, दलाली आणि ऑफिसचा खर्च.

त्याने नफा घेऊ नये असं नाही. धंदा आहे, त्याचे पैसे दोन वर्षं अडकलेले असतात. पण खालचा आकडा माहीत असला की आपण कुठवर ताणू शकतो ते कळतं. २५ ला द्या म्हणणारा गिऱ्हाईक बिल्डर उठवून लावतो. २९ च्या पुढे बोला म्हणणाऱ्यासाठी तो दुसरा चहा मागवतो. तुमच्या गावचे रेट वेगळे असतील, तेव्हा आकडे माझे घेऊ नका, फक्त रीत घ्या.

घर पाहायचं पावसाळ्यात

इथे मला जरा जास्त बोलायचं आहे.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तीच माती घराखाली असते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल, खालची काळी माती काढून मुरूम भरला नसेल, तर दोन उन्हाळ्यांत घर बोलायला लागतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. भिंतीलगतची फरशी वाजवली तर पोकळ आवाज येतो. बाहेरचं प्लिंथभोवतीचं, म्हणजे चौथऱ्याभोवतीचं काँक्रीट भिंतीपासून सुटतं. नव्या घरात पुट्टी-रंगाखाली हे दिसत नाही, म्हणून त्याच बिल्डरची दोन-तीन वर्षं जुनी स्कीम पाहा. तिथे राहणाऱ्या बाईमाणसांना विचारा. पुरुष 'बरं आहे' म्हणून मोकळे होतात, बायका गळणारा कोपरा दाखवतात.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर दोन कामं होतात. गच्ची, बाथरूमची भिंत, लेआउटचा रस्ता आणि नाली यांचं खरं रूप दिसतं. आणि त्या दिवसांत गिऱ्हाईक कमी असतं. शेतकऱ्याचा पैसा पेरणीत गेलेला, शिक्षकांच्या बदल्या आणि शाळाप्रवेश आटोपलेले. पुढे पितृपक्षात तर कोणी सौदाच करत नाही, बिल्डरचा फोन मुका पडतो. आम्ही भाव त्याच पंधरवड्यात ठरवला आणि इसार घटस्थापनेला दिला. दसरा-दिवाळीच्या 'ऑफर'मध्ये आम्हाला मिळालं त्याच्या निम्मंही नव्हतं, नुसती एक मॉड्युलर ट्रॉली होती.

पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटच्या भागात घर घेत असाल तर पाण्याचं वेगळं विचारा. खारपाणपट्ट्यात बोअर असूनही पिण्याचा उपयोग नाही. नळयोजनेचं कनेक्शन मंजूर आहे का, ते पाहा. आणि बांधकामाला, तराईला (नव्या सिमेंटवर मारायला) पाणी कोणतं वापरलं ते मिस्त्रीला विचारा, बिल्डरला नको. खाऱ्या पाण्याने भिंतीला लोणा लागतो आणि आतली सळई गंजते. वरुड-मोर्शीकडे दुखणं वेगळं: पाणी गोड, पण फार खोल गेलेलं. बोअर किती फूट आहे आणि एप्रिलमध्ये किती वेळ चालतो, हा तिथला प्रश्न.

आणि कूलर. पुण्या-मुंबईचा नकाशा कॉपी करणारे डिझायनर हे विसरतात. ज्या मुलखात पारा ४५ च्या वर जातो, तिथे बेडरूमला कूलर बसेल अशी खिडकी, बाहेर स्टँडला जागा, पॉइंट आणि जवळ पाण्याची तोटी नसेल तर ते घर अर्धवटच. पश्चिमेची भिंत उघडी पडत असेल तर दुपारी चारला त्या खोलीत दहा मिनिटं बसून पाहा.

आता दोषांचं काय करायचं? माझा नियम बैलाचा आहे. शिंगं बेढब असली तर भाव कमी करून घ्यावा, पाय लंगडा असला तर जनावर घेऊच नये. पायाची भेग, खचलेली फरशी, गंजलेली सळई यांच्यावर सूट मागू नका, उठून या. दरवाजा अडकतो, टाइल्स तुटल्या, तोट्या हलक्या आहेत, कूलरचा पॉइंट नाही, या गोष्टींची यादी करा. ती बोलणीत चालते.

बिल्डरची नाडी

कापसाचा व्यापारी ओलावा दाखवून भाव पाडतो, कारण आपल्याला घाई असते हे त्याला ठाऊक असतं. घाई बिल्डरलाही असते. ती कुठे आहे ते शोधायचं.

महारेराच्या पानावर वीसपैकी सहाच घरं बुक दिसत असतील आणि पूर्णत्वाची तारीख चार महिन्यांवर असेल, तर त्याला गिऱ्हाईक हवं आहे. प्रकल्पावर बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज असेल तर मार्चअखेरीला त्याचा सूर मऊ होतो. स्कीममधलं शेवटचं उरलेलं एखादं घर तो लवकर काढू पाहतो. अगदी पहिलं गिऱ्हाईकही त्याला हवं असतं, कारण 'बुकिंग सुरू झालं' असं सांगता येतं. मधल्या घरांना सूट सगळ्यात कमी मिळते.

एक आतली गोष्ट. तालुक्याच्या बहुतेक स्कीममध्ये जमीन शेतकऱ्याची असते आणि मोबदल्यात त्याला तीन-चार घरं मिळतात. बांधकाम तेच, गल्ली तीच. पण शेतमालक धंदेवाला नाही, त्याला मुलीचं लग्न किंवा दुसरीकडे शेत घ्यायचं असतं. त्याच्या वाट्याचं घर पुष्कळदा बिल्डरपेक्षा कमी भावात मिळतं. त्याच्या आणि बिल्डरच्या विकसन करारात ते घर त्याच्या वाट्याला नोंदणीकृत कागदाने आलं आहे का, एवढं वकिलाकडून तपासून घ्या. घर त्याच्याकडून घ्यायचं नसलं तरी त्याचा भाव विचारून ठेवा. बिल्डरसमोर तो सांगितला की बोलणीचा सूर बदलतो.

'समृद्धीपासून दहा मिनिटं' या वाक्याला पैसे देऊ नका. महामार्ग शेताच्या बांधाजवळून गेला तरी त्यावर चढायला इंटरचेंज लागतो. अंतर तिथून मोजा.

बोलणीचा दिवस

कर्ज घ्यायचं असेल तर बँकेचं पूर्वमंजुरीचं पत्र आधी खिशात ठेवा. शेतकऱ्याला हे जड जातं, कारण उत्पन्नाचा कागद नसतो. सातबारा, बाजार समितीच्या पट्ट्या, बँकेच्या खात्यावर आलेले चुकारे असं सगळं आधीच जमवा. पत्र असलेला गिऱ्हाईक पक्का, हे बिल्डरलाही समजतं. बँकेने कर्जासाठी घराचं मूल्यांकन केलं आणि ते मागितलेल्या भावाच्या खाली निघालं तर तो कागद बोलणीत ठेवायला विसरू नका. त्याला उत्तर देणं अवघड असतं.

ऑफिसात तीन जणांपेक्षा जास्त जाऊ नका आणि बोलणारा एकच ठेवा. किचन पाहून वहिनी 'किती छान ओटा आहे' म्हणाल्या की लाखभर रुपये तिथेच गेले. हे मी माझ्या घरच्या अनुभवावरून लिहितो आहे, तिला वाचून दाखवणार नाही. 'तुमचं बजेट काय' या प्रश्नाला आकडा सांगायचा नाही. दलाल सोबत असेल तर तो दोन्हीकडून किती घेतो ते आधीच विचारा.

आमची बोलणी साधारण अशी झाली.

"रेट तर फिक्स हाय भाऊ. पन तुमी आपले मानूस, म्हनून पन्नास हजार कमी करतो."

"रेटचं राहू द्या साहेब. चाबी हाती येईपर्यंत एकूण किती लागन, थे सांगा. या कागदावर लिहून द्या."

लिहायला घेतल्यावर त्याचा पेन दोनदा थांबला. घर ३२ लाख. मीटर आणि डीपीचे ६० हजार. बोअरचा हिस्सा ४० हजार. कंपाउंड व गेट ७५ हजार. 'लीगल' २५ हजार. 'डेव्हलपमेंट' ५० हजार. वरचे झाले अडीच लाख. जीएसटी ५ टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. एकूण ३६ लाख १० हजार, मुद्रांक शुल्क वेगळं.

पहिला हात आम्ही जीएसटीला घातला, कारण तिथे उपकार मागायचे नव्हते. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम सुरू असलेल्या घरावर साधारण दर ५ टक्के आहे. पण महानगर नसलेल्या भागात कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर दर १ टक्का. ७४० चौरस फूट म्हणजे जेमतेम ६९ चौरस मीटर. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी लागतच नाही. आणि बिल्डरकडे जीएसटी नंबरच नसेल तर त्याला तो मागता येत नाही. हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, "सीएला विचारून सांगतो." दोन दिवसांनी १ टक्का झाला.

मग वरचे खर्च. इथे आमचं म्हणणं एकच होतं: कंपाउंडशिवाय आणि विजेशिवाय तुम्ही घर कोणाला विकणार? हे घरातच आलं पाहिजे. एकेक ओळीवर भांडलो नाही, सगळं किमतीत धरून एकच आकडा मागितला. तो ३१ लाख ५० म्हणाला. आम्ही दोषांची यादी, सूची क्रमांक २ आणि शेतमालकाचा भाव समोर ठेवला, २९ लाख ५० म्हणालो, आणि गप्प बसलो. गप्प बसणं फार कठीण असतं. मावसभावाने दोनदा तोंड उघडलं, मी पायाने खुणावलं.

त्या दिवशी जमलं नाही. नमस्कार करून निघालो. चौथ्या दिवशी फोन आला. संत्र्याचे पैसे डिसेंबरात येतात, तेव्हा आमच्या हिश्श्याची रक्कम दोन हप्त्यांऐवजी एकरकमी खात्यातून देऊ, असं आम्ही सांगितलं. सौदा ३० लाख ४० हजारांवर झाला, सगळं धरून. कूलरचे दोन पॉइंट आणि खिडक्यांना जाळ्या त्याच्याकडून. जीएसटी ३० हजार ४००.

म्हणजे ३६ लाख १० हजारांचे झाले ३० लाख ७० हजार ४००. कमी झाले ५ लाख ३९ हजार ६००. त्यात घराच्या मूळ भावातले फक्त १ लाख ६० हजार होते. उरलेले सगळे त्या 'वेगळं असतेच ना'मधून आणि जीएसटीमधून निघाले. २० वर्षांच्या ९ टक्के व्याजाच्या कर्जात प्रत्येक लाखाला महिना सुमारे ९०० रुपये, म्हणजे एकूण २ लाख १६ हजारांच्या आसपास फेडावे लागतात. त्या हिशेबाने पाहिलं की चार दिवस गप्प राहणं जमतं.

रोखीचा मोह

"पाच लाख नगदी द्या, लाखभर आणखी कमी करतो." हे ऐकायला मिळेलच. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला बसतो. आपलं नुकसान वेगळं. कागदावर किंमत कमी, म्हणून कर्ज कमी. उद्या घर विकताना नफा कागदावर जास्त, म्हणून कर जास्त. आणि ताबा रखडला तर त्या पाच लाखांची पावती कुठे आहे? मी हा सौदा नाकारतो. तुम्ही काय करायचं ते ठरवा, पण दोन्ही बाजू पाहून.

प्लॉटचं विक्रीपत्र वेगळं आणि बांधकामाचा करार वेगळा करू, शुल्क वाचेल, असंही सुचवतात. तसं केलं तर जीएसटीचा, कर्जाचा आणि उद्या तक्रार करायची वेळ आली तर दाद मागण्याचा हिशेब बदलतो. वकील आणि बँक या दोघांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

सरळ मार्गाने वाचणारे पैसे

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. तीस लाखांवर तीस हजार. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की सवलत गेली. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. बिल्डरच्या माणसाने 'रजिस्ट्री खर्च' म्हणून गोल आकडा सांगितला तर शुल्क, फी आणि वकिलाचे पैसे वेगळे लिहून मागा.

शहरी हद्दीत प्रधानमंत्री आवास योजना २.० ची व्याज सवलत आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळू शकतात. भाव ३५ च्या थोडा वर अडला असेल तर खाली आणायला हे एक सबळ कारण. पण कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं, ही अट आहे. गावी स्लॅबचं घर नावावर असलेल्या मावसभावाला ती मिळाली नाही.

इसार आणि करार

इसार २१ किंवा ५१ हजारांचा द्या, चेकने किंवा खात्यातून. पावतीवर घर नंबर, कार्पेट, 'सर्व खर्चांसह' एकूण किंमत आणि कर्ज नामंजूर झाल्यास किती दिवसांत पैसे परत, हे लिहून घ्या. रेराखाली नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

करारात पाहायच्या जागा मोजक्या आहेत. किंमत वाढणार नाही, असं वाक्य हवं. दर पावसाळ्यात रेती बंद होते आणि दर पावसाळ्यात बिल्डर म्हणतो रेती महागली. ते त्याचं गणित, तुमचं नाही. ताब्याची तारीख हवी आणि उशीर झाला तर व्याज हवं. सिमेंट, सळई, वायर, टाइल्स, तोट्या यांची नावं हवीत, 'उत्तम दर्जाचे' हा शब्द खोडून. हप्ते बांधकामाप्रमाणे हवेत. महारेराच्या नमुना करारात प्लिंथ होईपर्यंत ४५ टक्के आणि स्लॅबपर्यंत ७० टक्के, ही वरची मर्यादा आहे आणि शेवटची रक्कम ताब्याला द्यायची असते. 'सगळे आत्ताच द्या, सूट देतो' असं म्हटलं तर सूट घ्या, पण शेवटचे ५ टक्के हातात ठेवून.

ताबा घेतल्यावर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, असं रेराचं कलम आहे. त्यासाठी कळवणं लेखी असावं, व्हॉट्सॲपवरच्या फोटोसोबत एक रजिस्टर्ड पत्रही. महारेराचं कार्यालय नागपूरलाही आहे, तक्रारीची फी ५ हजार. नोंदणी नसलेल्या आठ घरांच्या स्कीमसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे जाता येतं.

मावसभावाने चाबी घेतली त्या दिवशी आम्ही पुन्हा टेप, एक बादली पाणी आणि गोटी घेऊन गेलो. बादली गच्चीवर ओतली, गोटी बाथरूमच्या फरशीवर सोडली. गोटी नालीकडे न जाता दाराकडे आली. शेवटचे दीड लाख अजून आमच्याकडे होते, म्हणून फरशी आठ दिवसांत उखडून पुन्हा बसली. मग चेक दिला आणि त्याच आठवड्यात महावितरणचं मीटर, नगरपरिषदेच्या कराची नोंद आणि आखीव पत्रिकेवर नाव चढवायचा अर्ज, ही तिन्ही कामं सुरू केली.